एजंट चोवीस म्हणतो, तुम्ही अठरा धरा

प्रश्न : मी देवगड तालुक्यातल्या एका गावात राहते, प्राथमिक शिक्षिका आहे. शाळा घरापासून 14 किलोमीटरवर. इतकी वर्षं स्कूटरने गेले, पण पावसाळ्यात आता झेपत नाही. शिवाय वडिलांना महिन्यातून एकदा उपचारासाठी कोल्हापूरला न्यावं लागतं, जाऊन-येऊन 280 किलोमीटर होतात. एका एजंटकडे 2014 ची स्विफ्ट डिझेल पाहिली आहे. मीटरवर 82,000 किलोमीटर, दुसरा मालक, किंमत 3 लाख 40 हजार. त्याच्याकडेच त्याच सालची पेट्रोल स्विफ्ट 2 लाख 85 हजारांना आहे. तो म्हणतो, "मॅडम, डिझेलच घेवा, अ‍ॅव्हरेज चोवीसच्या खाली येवचा नाय. वरचे पैसे दीड वर्षात वसूल." मुंबईचा भाऊ म्हणतो, दहा वर्षं झालेली डिझेल गाडी घेऊच नकोस, बंद करणार आहेत. मी काय करू?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर :

ताई,

आधी तो चोवीसचा आकडा घेऊ, कारण एजंटचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

स्विफ्ट डिझेलच्या बाबतीत 2014 हे साल जरा फसवं आहे. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर या गाडीचं बदललेलं रूप बाजारात आलं. कंपनीने त्याचं अ‍ॅव्हरेज लिटरला 25.2 किलोमीटर सांगितलं होतं. त्याआधीच्या गाडीचा कंपनीचाच आकडा होता 22.9. म्हणजे तुम्ही पाहिलेली गाडी ऑक्टोबरच्या आधीची असेल, तर एजंट कंपनीपेक्षाही जास्त अ‍ॅव्हरेज सांगतोय, आणि तेही अकरा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीचं. आरसीवर उत्पादनाचा महिना छापलेला असतो. पहिल्यांदा तो बघा.

आणि नंतरची निघाली, तरी 25.2 हा आकडा आपल्या रस्त्यावरचा नाही. ही चाचणी प्रयोगशाळेत होते. गाडी रोलरवर उभी असते, चाकं जागच्या जागी फिरतात. ठरवून दिलेल्या क्रमाने वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. सगळा खेळ 1,180 सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटंसुद्धा नाहीत. सर्वात जास्त वेग ताशी 90 किलोमीटर, तोही थोडा वेळ. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, मागच्या सीटवर माणसं नाहीत, डिकीत आंब्याच्या पेट्या नाहीत. यात लबाडी काही नाही. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या म्हणजे त्यांची आपसात तुलना करता येते, त्यासाठी ही चाचणी असते. 22.9 वाली गाडी 18 वालीपेक्षा कमी इंधन खाईल, एवढं तो आकडा नक्की सांगतो. तुमच्या दारातून शाळेपर्यंत किती लागेल, हे त्याला ठाऊक नसतं.

तुमचा रस्ता मला माहीत आहे. देवगड तालुक्यात सपाट रस्ता म्हणजे काय ते सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, आणि तो संपला की खाडीकडे उतार. पूल ओलांडला की पुन्हा चढ. चौदा किलोमीटरांत असे दोन-तीन चढउतार झाले, वळणांवर तिसऱ्या-दुसऱ्या गेअरला यावं लागलं, वाडीत शिरताना गतिरोधक लागले, की अ‍ॅव्हरेज किलोमीटर-दोन किलोमीटरने खाली येतं. एप्रिल-मेमध्ये एसीशिवाय बसवत नाही. पावसाळ्यात काच धूसर होते म्हणून एसी लागतोच. डिझेल इंजिन तापायला वेळ घेतं, आणि थंड असताना जास्त पितं. चौदा किलोमीटर म्हणजे ते नीट तापेपर्यंत शाळा जवळ आलेली असते.

आता कोल्हापूरची फेरी. फोंडा घाटाने जा नाहीतर गगनबावड्याने, सह्याद्री चढावाच लागतो. हिशेबासाठी 600 मीटर चढ धरू. रिकामी स्विफ्ट डिझेल हजार किलोच्या थोडी वर भरते. तुम्ही, वडील, आणखी दोघं आणि सामान धरलं तर साडेतेराशे किलो. एवढं वजन 600 मीटर उचलायला लागणारी ऊर्जा काढली आणि डिझेलमधल्या ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो हे धरलं, तर नुसतं वजन वर न्यायला जवळजवळ दोन तृतीयांश लिटर डिझेल लागतं. गाडी पुढे ढकलायला लागतं ते वेगळं. म्हणून घाटाच्या त्या दहा-बारा किलोमीटरांत चांगल्या गाडीचं अ‍ॅव्हरेजसुद्धा दहावर येतं. त्याला बिघाड समजू नका.

येताना यातलं थोडं परत मिळतं, पण उतरण्याची रीत बरोबर असेल तरच. गाडी गेअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की या इंजिनाला डिझेल जाणं जवळपास बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. आपल्याकडे कितीतरी जण डिझेल वाचवायला म्हणून गाडी न्यूट्रल करून घाट उतरतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला उलट डिझेल पीत राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून ऐन वळणावर सैल पडले, तर गाडीत वडील आहेत. हे तुम्ही कृपा करून कधीही करू नका, आणि ड्रायव्हर घेतलात तर त्यालाही करू देऊ नका.

मी स्वतः कोकणातच एक छोटी जुनी डिझेल गाडी बरीच वर्षं चालवली आणि प्रत्येक वेळी टाकी भरल्याची नोंद वहीत ठेवली. महामार्गावर ताशी सत्तर-ऐंशीने, एसी कमी वापरून, आकडा एकवीसपर्यंत गेला. रोजच्या वापरात सतरा ते एकोणीस. एका पावसाळ्यानंतर मात्र दोन महिने पंधराच्या वर आकडा जाईना. फिल्टर बदलला, इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर साफ करून घेतले, काही उपयोग झाला नाही. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडी थांबवून चारही चाकांना हात लावून पाहिला. मागचं डावं चाक चटका बसेल इतकं गरम होतं. समुद्राजवळ पावसाळाभर हँडब्रेक ओढून उभी ठेवल्यामुळे त्या चाकाचा ब्रेक गंजून अर्धवट पकडून बसला होता. तेवढं सोडवल्यावर आकडा पुन्हा अठरावर आला. खाऱ्या हवेत ही गोष्ट फार होते, म्हणून इतक्या तपशिलाने सांगतो. गाडी बघायला जाल तेव्हा दहा किलोमीटर चालवून झाल्यावर चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल, तर अ‍ॅव्हरेज तिथे गळतंय.

तेव्हा तुम्ही डिझेलसाठी 18 धरा. पेट्रोल स्विफ्टचा कंपनीचा आकडा ऑक्टोबरआधीच्या गाडीला 18.6 होता, तिला आपल्या रस्त्यावर 15 धरू.

वर्षाकाठी किलोमीटर किती होतात? शाळेचे दिवस 220 धरले, रोज 28 किलोमीटर, म्हणजे 6,160. कोल्हापूरच्या बारा फेऱ्या 3,360. बाजारहाट, लग्नकार्य, गणपतीत नातेवाइकांकडे जाणं मिळून आणखी दीड हजार. एकूण 11,000 च्या घरात. डिझेल 92 रुपये आणि पेट्रोल 105 रुपये लिटर धरलं, तर डिझेलवर वर्षाला सुमारे 56,200 आणि पेट्रोलवर 77,000 रुपये जातील. फरक 20,800 चा.

एजंटचे दीड वर्ष कसे आले तेही मी काढून पाहिलं. डिझेलला 24 आणि पेट्रोलला 14 धरलं की फरक होतो 40,300. म्हणजे एका गाडीचं अ‍ॅव्हरेज फुगवलं, दुसरीचं कमी केलं, आणि बचत दुप्पट झाली. शिवाय डिझेल गाडीच्या सर्व्हिसिंगला वर्षाला पाच-सहा हजार जास्त जातात, ते त्याने धरलेच नाहीत. ते वजा केले की तुमच्या हातात वर्षाला पंधरा हजार राहतात. वरचे 55,000 फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त लागतील.

आणि 2029 मध्ये या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतात. तेव्हा आरटीओत तपासणी करून नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागेल, पर्यावरण कर भरावा लागेल. म्हणजे सांगितलेल्या किमतीत घेतलीत तर पैसे फिटतात न फिटतात तोच हा खर्च येणार. मधल्या काळात इंजेक्टर आणि टर्बो यांचं काम निघालं, तर दोन वर्षांची बचत एका बिलात जाईल.

भावाची काळजी मात्र वेगळ्या गावची आहे. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचा नियम दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरता आहे, तो राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आला. सिंधुदुर्गात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे तपासणीत पास झाली तर वाढते. त्यांना निश्चिंत राहायला सांगा.

मला खरी शंका येते ती 82,000 या आकड्याची. 2014 पासून आजवर 82,000 म्हणजे वर्षाला सात हजारांच्या आसपास. त्या काळी डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा लाखभर रुपयांनी महाग पडायची. एवढे जास्त पैसे मोजून डिझेल घेणारा माणूस बहुधा भरपूर फिरणारा असतो. वर्षाला सात हजार फिरणारे कोणी डिझेल घेतच नसत असं नाही, मुंबईत गाडी ठेवून फक्त गणपती-शिमग्याला गावी आणणारे चाकरमानी होतेच. पण आधी खात्री करा. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात असेल, तर दर वेळचे किलोमीटर त्यांच्या संगणकात असतात. गाडीचा नंबर घेऊन कणकवलीला किंवा कोल्हापूरला विचारा. मालकाच्या सहमतीने तो इतिहास काढून मिळतो. मालक किंवा एजंट त्याला नकार देत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. ब्रेक-क्लचच्या पेडलांचे रबर झिजून गुळगुळीत झालेत का, स्टिअरिंगची कातडी चकाकते का, ड्रायव्हरच्या सीटची कड बसली आहे का, हेही पाहा. 82,000 मध्ये एवढी झीज होत नाही. पूर्वी टुरिस्ट म्हणून पिवळ्या पाटीवर चालवलेली आणि नंतर खासगी करून घेतलेली गाडी असेल, तर आरटीओच्या नोंदीत ते सापडतं. अशा गाडीचं इंजिन दोन-अडीच लाख किलोमीटर चाललेलं असू शकतं, आणि अ‍ॅव्हरेज पहिलं तिथेच घसरतं.

दुसरी गोष्ट पुराची. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या, आणि बुडालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या तालुक्यात विकता येते. गाडी तुम्हाला हवी त्या रंगाची आहे म्हणून हे तपासायचं सोडू नका. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. आत गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ राहते, ती कुणी धूत नाही. स्टेपनीच्या खोबणीत, सीटखालच्या पट्ट्यांच्या फटीत वाळलेला चिखल बघा. आतल्या वायरिंगला पाणी लागलेली डिझेल गाडी दोन वर्षं नीट चालून तिसऱ्या वर्षी सेन्सर एकेक करून सोडते. तोपर्यंत एजंटचा फोन लागत नाही.

इंजिनाबद्दल म्हणाल, तर हे 1,248 सीसीचं इंजिन मूळ फियाटचं. आपल्याकडे ते मारुतीच नव्हे, टाटा आणि फियाटच्याही गाड्यांत होतं. याचा मोठा फायदा हा, की ते खोलून जोडू शकणारे मिस्त्री आपल्या भागात आहेत आणि सुटे भाग मिळतात. मारुतीने एप्रिल 2020 मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, तरी या इंजिनाची आबाळ झालेली नाही. उलट ज्या कंपन्या देशातून निघून गेल्या, त्यांच्या छोट्या डिझेल गाड्या आज फार स्वस्तात मिळतात आणि अ‍ॅव्हरेजही छान देतात. पण एक भाग मुंबईहून यायला पंधरा दिवस लागले, तर वडिलांची कोल्हापूरची तारीख चुकते. तुमच्यासारख्या घराने तो मोह धरू नये.

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नका असं एजंटला आदल्या दिवशी बजावून सांगा. थंड इंजिन सुरू करताना एका बाजूने साखळीसारखा खडखडाट आला आणि काही सेकंद टिकला, तर टायमिंग चेनचं काम जवळ आलंय. चढावर जोरात दाबल्यावर मागून काळा धूर भसाभसा आला, तर डिझेल पुरतं जळत नाही, तेच तुमचं हरवलेलं अ‍ॅव्हरेज. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, अशी गाडी सोडून द्या. इंजेक्टरमधून डिझेल मागे किती परततं याची एक साधी चाचणी मिस्त्री बाटल्या लावून करतो, ती तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून करून घ्या. चारही बाटल्यांत सारखं डिझेल जमलं पाहिजे. त्याला द्यायचे चारपाचशे रुपये वाचवू नका.

अ‍ॅव्हरेज स्वतः मोजून बघता येईल का, असं तुमच्या मनात आलं असेल. येतं, पण लोक मोजतात चुकीचं. पाचशे रुपयांचं डिझेल टाकून काटा कुठे आला ते बघणं म्हणजे मोजणं नव्हे. देवगडच्या पंपावर टाकी भरा, नोझल आपोआप बंद झालं की थांबा, गोल आकडा करायला वरून टाकू देऊ नका. ट्रिप मीटर शून्य करा. मग आपल्या शाळेच्या रस्त्याने, आपल्या वेगाने, एसी लावून फिरा. परत त्याच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्यांदा बंद होईपर्यंत भरा. मात्र शंभर किलोमीटर फिरलात तर पाच-साडेपाच लिटरच लागतील, आणि भरताना अर्धा लिटर इकडे-तिकडे झालं तरी आकडा दीड-दोन किलोमीटरने हलतो. म्हणून एका दिवसाच्या चाचणीतून फक्त एवढंच ठरवा, की गाडी 15 च्या खाली तर नाही ना. खरा आकडा घेतल्यानंतर तिसऱ्या टाकीला कळतो.

मग डिझेल घ्यावी की पेट्रोल?

पेट्रोलच घ्या असं सांगणं मला सोपं गेलं असतं. पण तुमच्या बाबतीत डिझेलचा एक गुण पैशापलीकडचा आहे. हे डिझेल इंजिन मिनिटाला 2,000 फेऱ्यांनाच 190 न्यूटन-मीटरची ओढ देतं. पेट्रोल स्विफ्टची ओढ 115 च्या आसपास, आणि तीही 4,000 फेऱ्यांना. चार माणसं बसवून घाट चढताना डिझेल तिसऱ्या गेअरला शांतपणे जाते, पेट्रोलला दुसऱ्यावर आणून रेटावं लागतं. आजारी माणूस मागे असताना हा फरक जाणवतो. फक्त 2,000 च्या खाली हे इंजिन सुस्त असतं, त्यामुळे अवघड वळणावर अर्धा क्लच दाबून धरायची सवय लागते आणि क्लच जळतो. वळणाच्या आधीच गेअर कमी करा, वळणात नाही.

म्हणून माझं मत असं. सर्व्हिसचा इतिहास 82,000 शी जुळला आणि इंजेक्टरची चाचणी बरोबर आली, तर डिझेल घ्या, पण 3 लाख 15 हजारांच्या वर जाऊ नका. पेट्रोलपेक्षा 30,000 जास्त, ते दोन वर्षांत फिटतील, आणि 2029 च्या आधी हाताशी काही राहील. घासाघीस करताना अठराचा हिशेब कागदावर लिहून एजंटसमोर ठेवा. या दोन्हींतली एक गोष्ट जरी अडली, तर मन घट्ट करून पेट्रोल घ्या. तिच्यावर वर्षाला पंधरा हजार जास्त जातील, म्हणजे महिन्याला साडेबाराशे. तुमचा तेवढा खर्च बिघडलेल्या डिझेलपेक्षा नक्कीच कमी आहे.

कुणी बीएस-6 ची, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतली, 2020 नंतरची छोटी डिझेल दाखवली, तर तुमच्या वापराला घेऊ नका. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी गाळणी असते, ती साफ व्हायला लांबचा, सलग वेगाचा प्रवास लागतो. शाळेच्या रोजच्या चौदा किलोमीटरांत ती तुंबते. 2014 च्या स्विफ्टला ती भानगड नाही.

गाडी घेतलीत की दर पंधरवड्याला टायरची हवा बघा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायला सांगा, आणि पावसाळ्यात उभी करताना हँडब्रेकऐवजी गेअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा. पहिल्या तीन टाक्यांचे लिटर आणि किलोमीटर वहीत लिहून मला कळवा. सोळाच्या खाली आकडा आला, तर कुठे बघायचं ते मी सांगतो.